मका टाकावा की क्लोव्हर पेरावं? चाळीस एकर रानातल्या हरणांबद्दल सल्ला हवा

पूर्णाकाठ

मंडळी, विषय आपल्याकडच्या नेहमीच्या धाग्यांपेक्षा वेगळा आहे. पण इथे अमेरिकेत रान घेतलेले आणि शिकारीचा परवाना काढलेले चार-पाच जण आहेत हे ठाऊक आहे, म्हणून इथेच विचारतो.

उत्तर-मध्य विस्कॉन्सिनमध्ये माझं आणि माझ्या एका सहकाऱ्याचं भागीत चाळीस एकर रान आहे. इकडे जमीन चौरस मैलाच्या चौकोनांत मोजली गेली. त्या चौकोनाचे सोळा तुकडे केले की एक तुकडा बरोबर चाळीस एकरांचा होतो, म्हणून लोक नुसतं ‘आमचं फोर्टी’ म्हणतात. आपल्या हिशेबात सोळाशे गुंठे. त्यातले तीसेक एकर जंगल आहे: बहुतेक ॲस्पन आणि रेड मेपल, थोडे ओक, उताराला आल्डरची दलदल. उरलेलं जुनं, पडीक शेत.

भागीदार इथलाच, साठीच्या पुढचा. त्याचे वडील याच रानात नोव्हेंबरच्या बंदुकीच्या हंगामात बसायचे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारे नऊ दिवस म्हणजे त्याच्या घरी दिवाळीच. वडील स्टँडसमोर, म्हणजे बसायच्या मचाणासमोर, हरणं यावीत म्हणून मका टाकायचे, तोही टाकायचा. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काउंटीत, आमच्या हद्दीपासून दहा मैलांच्या आत, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगाचं हरिण सापडलं. इथल्या नियमाप्रमाणे ज्या काउंटीत असं हरिण सापडतं तिथे तीन वर्षं आणि दहा मैलांच्या टप्प्यात येणाऱ्या शेजारच्या काउंटीत दोन वर्षं मका टाकण्यावर आणि हरणांना खायला घालण्यावर बंदी येते. आमची दोन वर्षं पुढच्या महिन्यात संपतात. नवीन केस निघाली नाही, तर बंदी उठेल. चाळीस एकरांमागे दोन गॅलन, म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास मका टाकायची मुभा परत मिळेल. भागीदाराने पोती कुठून आणायची तेही ठरवून ठेवलंय.

माझं मन घेत नाही. या दोन वर्षांत मी वीस गुंठ्यांवर हरणांसाठी पेरणी केली. वरच्या अंगाला बारा गुंठे पांढरं क्लोव्हर (आपल्या बरसीमच्या भावकीतलं), खाली आठ गुंठ्यांत सलगम आणि मुळा. पहिल्या वर्षी माती न तपासताच बी फेकलं आणि सगळं वाया गेलं. मग तपासली तर सामू ५.४ निघाला. चुना टाकला, सप्टेंबरात राय पेरली आणि मार्चमध्ये गोठलेल्या जमिनीवर क्लोव्हर फोकलं. रात्री जमीन गोठते, दिवसा सुटते, भेगा पडतात आणि बी आपोआप आत ओढलं जातं. नांगर लागत नाही. यंदा वाफा हिरवागार आहे.

माझे वडील अकोल्याकडे हरभऱ्यात रात्र-रात्र जागायचे, रोही हाकलायला. माळ्यावर मीही बसलोय, डबे वाजवलेत. आज मी हरणं यावीत म्हणून पेरतो. वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “जित्राब काय खाते तिकडं, ते पाह्यलं का आधी?”

तोच प्रश्न मी तुम्हाला विचारतो. मका आणि पेरलेलं वावर यात खरा फरक किती? भागीदाराला काय सांगू?

तळ्याकाठी_एक

मी मिशिगनमध्ये, लोअर पेनिन्सुलात, म्हणजे राज्याच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात. इथे हा वाद आम्ही तीस वर्षं पाहतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९९४ मध्ये राज्याच्या ईशान्य भागात शिकार झालेल्या एका हरणात गोवंशाचा क्षयरोग सापडला. जंगली हरणांच्या कळपात हा रोग सहसा टिकत नाही, एखाद-दुसरं जनावर मरतं आणि संपतं. इथे तो टिकला आणि गाईंच्या गोठ्यांपर्यंत पोचला. कारण शोधताना सगळ्यांची बोटं एकाच दिशेला गेली. त्या भागातल्या शिकारी क्लबांच्या रानांत ट्रकने खाद्य ओतलं जायचं: मका, शुगर बीट, गाजरं. हिवाळाभर शेकडो हरणं त्याच ढिगांवर तोंड घालत होती. मी नवीन आलो तेव्हा हंगामात पेट्रोलपंपावर गाजरांच्या गोण्या रचलेल्या पाहून मला वाटलं होतं की घोड्यांसाठी असतील.

मग क्रॉनिक वेस्टिंग डिसीज आला. २००८ मध्ये बंदिस्त पाळलेल्या हरणात सापडला, तेव्हा लोअर पेनिन्सुलात आमिषावर बंदी आली. २०११ मध्ये ती उठली. २०१५ मध्ये मोकळ्या रानातल्या हरणात सापडला आणि ३१ जानेवारी २०१९ पासून बंदी परत लागू झाली. अपर पेनिन्सुलात, म्हणजे उत्तरेकडच्या द्वीपकल्पात, अजून मुभा आहे, पण दोन गॅलनच, आणि तेही दहा फूट बाय दहा फुटांत पसरून टाकायचं. एका जागी ढीग घालायचा नाही. पसरून टाकण्याच्या या अटीतच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. खाणं वाईट नाही, एकाच परातीत दहा तोंडं घालणं वाईट.

हा रोग जिवाणू-विषाणूंचा नाही. बिघडलेल्या प्रथिनाचा आहे, प्रायॉनचा. लाळ, मूत्र, लेंडी यांतून बाहेर पडतो आणि मातीत वर्षानुवर्षं राहतो. औषध नाही, लस नाही. लागण झालेलं हरिण वर्ष-दीड वर्ष ठणठणीत दिसतं आणि तेवढा काळ रोग पसरवत राहतं. दोन गॅलन मका परातभर जागेत संपतो, तुम्ही रोज त्याच जागी पुन्हा टाकता, पुन्हा तिथेच लाळ. तुमचं वावर वीस गुंठ्यांचं आहे. म्हणजे जवळपास बावीस हजार चौरस फूट. हरिण दोन घास खातं आणि पुढे सरकतं.

वावर म्हणजे धोका शून्य, असं मात्र मी म्हणणार नाही.

मेस्किटची_सावली

मी दक्षिण टेक्सासमधून. सगळे मक्याच्या विरोधात बोलणार हे दिसतंय, म्हणून दुसरी बाजू मनापासून मांडते.

आमच्याकडे आमिष कायदेशीर आहे आणि सर्रास चालतं. तीन पायांवर उभं पिंप, खाली बॅटरीवरची चकती, तिला टायमर. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी काही सेकंद चकती फिरते आणि मका गोल फेकला जातो. आवाज झाला की हरणं येतात. तुम्ही वीस गुंठे क्लोव्हर म्हणता, दादा, आमच्याकडे ते मे महिन्यात करपून जाईल. मेस्किट, निवडुंग, काटेरी झुडपं आणि भरवसा नसलेला पाऊस. या झाडोऱ्यात दहा पावलांवरचं जनावर दिसत नाही. फीडरसमोर ते आडवं, स्थिर उभं राहतं. वय पाहता येतं, मादीमागे पाडस आहे का ते पाहता येतं, आणि गोळी नेमक्या जागी बसते. जखमी होऊन झाडोऱ्यात हरवलेलं जनावर मी एकदा पाहिलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी गिधाडांमुळे सापडलं. त्यानंतर फीडरला नावं ठेवणाऱ्यांशी मी वाद घालते.

पण आमचे त्रासही लिहिते. मक्यावर हरणांआधी रानडुकरं आणि रकून येतात. फीडरभोवती लोखंडी कुंपण घालावं लागतं: हरिण उडी मारून आत जातं, डुक्कर बाहेर राहतं. रकून वाढले की टर्कीची अंडी उरत नाहीत. मका ओला झाला की बुरशी धरते. शेंगदाण्यात जे अफ्लाटॉक्सिन आपण ऐकत आलो तेच, आणि त्याने टर्की, बटेर हे पक्षी आधी मरतात. त्यामुळे पोतं घेताना तपासणीचं लेबल बघते आणि पावसाच्या आधी पिंप भरून ठेवत नाही.

आणि हो, २०१२ पासून तो रोग आमच्या राज्यातही आहे. तळ्याकाठी म्हणतात ते मला कळतं. पण टेक्सासचा न्याय विस्कॉन्सिनला आणि विस्कॉन्सिनचा टेक्सासला लावू नये.

पूर्णाकाठ

ताई, जखमी जनावराचं लिहिलंत ते मनाला लागलं. नीट दिसण्याचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता. आमच्याकडे नोव्हेंबरात पानगळ झालेली असते, बहुतेक वेळा बर्फही असतो, त्यामुळे दिसायला अडचण नाही. पण मुद्दा लिहून ठेवला.

गोठ्यातला_डॉक्टर

मी शिकारी नाही, संगमनेर भागात जनावरांचा डॉक्टर आहे. हरणांचा अनुभव नाही, पण रवंथ करणाऱ्या पोटाचा आहे, आणि ते गाईचं काय, हरणाचं काय, एकाच तत्त्वावर चालतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन पहाटेपासून वाजतो. बैलाला लाडाने पंधरा-वीस पुरणपोळ्या चारलेल्या असतात. कोठीपोटातल्या जिवाणूंना वैरणीची सवय, त्यात एकदम पिठूळ आणि गोड पदार्थ येऊन पडतो. आम्ल झपाट्याने वाढतं, पोट थांबतं, बैल बसतो. वेळेवर पोचलो तर वाचतो. धान्याच्या राशीला लागलेल्या गाईचंही तेच होतं.

आता तुमचं हरिण घ्या. हिवाळ्यात ते काड्या, कळ्या, सालीवर जगत असणार. त्याच्या कोठीपोटातले जिवाणू लाकूडसर चारा पचवणारे झालेले असतात. खाद्य बदललं तर जिवाणूंची फौज बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. अशात जानेवारीत कुणी दयेपोटी मक्याचं पोतं ओतलं, तर हरिण भरल्या पोटी मरेल. ऑक्टोबरमध्ये आसपासच्या शेतांतला मका आधीच खात असेल, तर दोन गॅलननी काही होणार नाही. म्हणजे मका विष नाही. कधी आणि किती अचानक, यावर सगळं आहे.

क्लोव्हर, राय, सलगम हे हळूहळू वाढतं, हरिणही हळूहळू त्यावर येतं. पोटाला सवय व्हायला वेळ मिळतो. डॉक्टर म्हणून मला वावरातली ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, रोगाचा भाग तर आहेच.

तुमच्या वडिलांचा प्रश्न योग्य होता.

साधी_वाचक

माफ करा, मला हे सगळं वाचवत नाही. पाडसाला वर्षभर कोवळा चारा घालायचा, विश्वास बसवायचा आणि नोव्हेंबरात गोळी घालायची. मका असो की क्लोव्हर, विश्वासघात तोच ना? मी भांडायला आले नाही, खरंच विचारतेय.

तळ्याकाठी_एक

प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तसंच देतो.

१९०० च्या सुमारास या देशात पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्याही खाली आली होती, असा अंदाज आहे. बाजारासाठी बेसुमार मारली होती. आज ती तीन कोटींच्या आसपास मानतात. हे वाचवणं कायद्याने झालं, आणि मोठा पैसा शिकाऱ्यांकडूनच आला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के केंद्रीय कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जाऊ लागला. मी एक डबी काडतुसं घेतो तेव्हाही तो भरतो.

आता अडचण उलटी आहे. बऱ्याच भागांत लांडगे, प्यूमा उरले नाहीत. हरणं वाढली की ओकची, सीडरची रोपं वर येतच नाहीत. जंगलात फिरलात तर चार-पाच फुटांखाली हिरवं पान दिसत नाही, जणू कुणी फीत लावून कापलंय. त्यानंतर मरतात ती भुकेने किंवा गाडीखाली. घरात वर्षभर जे मांस लागतं ते मी विकत घेत नाही. जे मारतो ते शेवटच्या तुकड्यापर्यंत खातो. तुम्हाला हे पटेलच असं नाही, आणि पटायलाच हवं असंही नाही.

साधी_वाचक

पटलं असं म्हणवत नाही. पण विचार करते आहे. धागा वाचत राहीन.

ओकवेडा

उशिरा आलो. मी नैऋत्य विस्कॉन्सिनमध्ये, ड्रिफ्टलेस भागातल्या टेकड्यांत राहतो. या राज्यात रोगाची सुरुवात आमच्या अंगणातून झाली. डेन काउंटीत माउंट होरेबजवळ नोव्हेंबर २००१ मध्ये मारलेल्या तीन हरणांचे अहवाल फेब्रुवारी २००२ मध्ये आले. तेव्हा लोक म्हणत होते की चार-पाच वर्षांत आटोक्यात येईल. आज आमच्या इथल्या काही भागांत प्रौढ नरांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त बाधित निघतात. माझ्या शेजाऱ्याने मागच्या हंगामात डोकं तपासायला दिलं, अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवलं आणि मग ते सगळं, चाळीस किलोंच्या आसपास, कचऱ्यात दिलं. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नका असाच सल्ला आहे. दरवर्षी तेच नशिबी आलं की माणसं शिकार सोडतात. तुमच्या भागीदाराला सांगा, एकदा आमच्याकडे या आणि शेजाऱ्याशी बोला.

पण माझा मूळ मुद्दा वेगळा आहे. मका की क्लोव्हर, या भांडणात तुमचे तीस एकर जंगल कुणाच्या लक्षातच आलं नाही! वीस गुंठे वावर म्हणजे तुमच्या रानाचा ऐंशीवा भाग. उरलेले एकोणऐंशी भाग काय करताहेत?

हरिण हा गवत खाणारा प्राणी नव्हे. तो कोवळे शेंडे, पानं, कळ्या, रानफळं, ओकची फळं वेचून खातो. तुमच्याकडे ॲस्पन आहे म्हणता. त्यातले तीन-चार एकर हिवाळ्यात, जमीन गोठलेली असताना, पूर्ण तोडा. ॲस्पनचा जीव मुळांत साठलेला असतो. वरचा शेंडा गेला की उन्हाळ्यात त्या मुळांतून हजारो फुटवे येतात. पहिली दोन-तीन वर्षं ते हरणाच्या तोंडाच्या उंचीत असतात. पुढे तीच जाळी त्यांना लपायला होते, आणि ग्राउज पक्षी आले की तुम्हाला वेगळा आनंद. लाकडाचे पैसे येतात ते निराळे. बियाणं नाही, चुना नाही, ट्रॅक्टर नाही.

आणि ओक. पांढऱ्या ओकचं फळ एका हंगामात पिकतं आणि त्यात तुरटपणा कमी असतो. लाल ओकचं पिकायला दोन हंगाम लागतात आणि ते तुरट असतं. सप्टेंबरात पांढऱ्या ओकखाली फळ पडलं की हरणं क्लोव्हरकडे ढुंकूनही बघत नाहीत, मक्याकडेही नाही. मी माझ्या ट्रेल कॅमेऱ्यांवर (झाडाला बांधलेले, जनावर हललं की आपोआप फोटो काढणारे) हे दरवर्षी बघतो: जिथे रोज सहा-सात दिसायची तिथे अचानक शुकशुकाट, आणि ओकखाली पानं उकरलेली. तुमच्या रानातले चांगले ओक शोधा आणि त्यांच्या माथ्याला भिडलेले मेपल काढून टाका. ओकला ऊन लागतं. मेपल सावलीत वाढतो आणि हळूहळू ओकला दाबतो. पूर्वी इथे आगी लागायच्या, त्यात पातळ सालीचा मेपल मरायचा आणि जाड सालीचा ओक तगायचा. आता आगी नाहीत, म्हणून कुऱ्हाड आपल्यालाच हातात घ्यावी लागते.

मी बावीस वर्षं हेच करतोय. ज्या ओकभोवती पहिल्यांदा मोकळं केलं त्याच्या बुंध्याला आज माझी मिठी पुरत नाही.

ताडोबाशेजारी

चंद्रपूरहून. एक कायद्याची गोष्ट नोंदवतो, कारण आपल्याकडचे तरुण हे वाचून काहीबाही करतील अशी भीती वाटते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत जनावराला मारणं तर आहेच, पण पकडणं, फासे लावणं, हाकारणं आणि आमिष दाखवणं हेही आहे, आणि तसा प्रयत्न करणंही. म्हणजे गोळी न घालताही गुन्हा होतो.

ओकवेडा यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या ताडोब्यात गावं उठून गेली तिथे कुरणं झाली आणि चितळांचे कळप तिथे आपोआप जमले. कुणी खायला घालायला गेलं नाही.

सीमेपलीकडे

मी मिनेसोटात. पूर्णाकाठ, तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारतो, राग मानू नका. हरिण यावं म्हणून तुम्ही सलगम पेरता, त्याच्यासमोर स्टँड लावता आणि बसता. मक्यात आणि यात नैतिक फरक कुठे आहे? एकाला मुळं आहेत, दुसऱ्याला नाहीत, एवढंच ना?

आमच्या राज्यात हरणांच्या शिकारीत आमिषावर पूर्ण बंदी आहे. कायदा रेघ इथे मारतो: जे बाहेरून आणून ठेवलं ते आमिष, जे तिथेच पेरलं आणि वाढलं ते पीक. कायद्याला रेघ मारावीच लागते. पण मनाला विचारलं तर मला छोटे-छोटे पाच-सात गुंठ्यांचे तुकडे, फक्त स्टँडपासून नेमबाजीच्या टप्प्यात पेरलेले, हे आमिषच वाटतं. मी स्वतः एक केला होता. दोन हंगामांनी मोडला आणि तिथे रानसफरचंद लावलं.

आणि सावध राहा. वावरात उभा मका असेल आणि कधी बदकांच्या शिकारीचा विचार आला, तर तो मका आडवा करून त्यावर बसू नका. स्थलांतरित पक्ष्यांचे नियम केंद्राचे आहेत आणि त्यात ते आमिष ठरतं. हरणांच्या नियमांशी त्याची गल्लत अनेक जण करतात.

पूर्णाकाठ

राग कसला. हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो, म्हणून जे वाटतं ते सरळ लिहितो.

माझ्यापुरता फरक हा, की मका मी बसणार त्या दिवसांसाठी असतो आणि क्लोव्हर मी नसतानाही असतं. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर पहिली हिरवळ तिथेच फुटते. तेव्हा गाभण माद्या हाडं दिसेपर्यंत उतरलेल्या असतात. जूनमध्ये त्या दुधावर असतात. सशांनी, टर्कीच्या पिल्लांनी, मधमाश्यांनी ते वावर वर्षभर वापरलेलं मी बघितलंय. नऊ दिवसांचा हंगाम वजा केला तरी ते वावर टिकण्यालायक आहे. मक्याबद्दल असं म्हणता येणार नाही. पण खालचे आठ गुंठे सलगम? तिथे तुमचं बरोबर आहे. थंडी पडली की सलगमाच्या पानांत गोडी उतरते आणि हरणं तेव्हाच त्यावर तुटून पडतात. मी ते नोव्हेंबर डोळ्यासमोर ठेवूनच पेरलं होतं. स्टँड तिथून ऐंशी यार्डांवर आहे.

यंदा ठरवलंय की स्टँड तिथून हलवायचा. बसायचं ते दलदलीकडून वर येणाऱ्या वाटेवर. वावर हे ताटासारखं असू द्यावं, ताटावर बसलेल्याला मारू नये. हे आजीचं वाक्य, ती मांजराबद्दल म्हणायची.

भागीदाराशी काल दोन तास बोललो. रोगाचं त्याला माहीत आहे, उगाच हट्ट नाही. तो म्हणाला, “वडील गेले त्या वर्षीही मी त्यांच्या जागेवर बादली रिकामी केली होती.” यावर मला उत्तर सुचलं नाही. शेवटी ओकवेड्यांच्या शेजाऱ्याची गोष्ट सांगितली. मांस कचऱ्यात दिल्याचं ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, एक वर्ष मक्याशिवाय बघू.

मेस्किटची_सावली

स्टँड हलवताय हे वाचून बरं वाटलं. एक विचारते: वावर किती खाल्लं जातंय हे मोजता का? मोजल्याशिवाय आपल्याकडे हरणं जास्त झालीत की चारा कमी पडतोय हे कळत नाही. आमच्याकडे ज्यांना पाण्याची सोय आहे ते ओट पेरतात, आणि वावरात तारेच्या जाळीचा एक गोल पिंजरा उभा करतात. तीन-चार फूट रुंद, पुरुषभर उंच. आतलं पीक हरणाला मिळत नाही. आत-बाहेरच्या उंचीतला फरक म्हणजे त्यांनी खाल्लेलं. खर्च फार नाही.

पूर्णाकाठ

आजच जाळी आणतो.

सीमेपलीकडे

दोन बारीकसारीक गोष्टी. सलगम-मुळा एकाच जागी लागोपाठ दोन वर्षांपेक्षा जास्त नको, मुळांचा रोग धरतो. फिरवून तिथे ओट किंवा राय घ्या. आणि क्लोव्हरच्या नवीन बियाण्याला रायझोबियम चोळायला विसरू नका. आपल्याकडे सोयाबीनला करतो तीच बीजप्रक्रिया, फक्त क्लोव्हरचं जिवाणूखत वेगळं.

पूर्णाकाठ (डिसेंबर)

हंगाम संपला. ज्यांनी एवढं मनापासून लिहिलं त्यांना हिशेब द्यायला हवा.

बंदी उठली आणि आमच्या पूर्वेच्या शेजाऱ्याने पहिल्याच आठवड्यात मका टाकला. त्याचा तो हक्क आहे. परिणाम लगेच दिसला. ऑक्टोबरात आमच्या क्लोव्हरवर संध्याकाळी पाच-सहा हरणं असायची, ती दोनवर आली. कॅमेऱ्यावर जी दिसत होती तीही रात्री दहानंतर. बंदुकीच्या हंगामाचे पहिले दोन दिवस भागीदाराने एक हरिण पाहिलं नाही. तो मला काही बोलला नाही, पण थर्मासमधली कॉफी ओतताना त्याच्या चेहऱ्यावर सगळं होतं. मक्याशिवाय काही बिघडत नाही असं मी म्हणणार नाही. शेजारी टाकत असेल, तर न टाकणाऱ्याला किंमत मोजावी लागते.

चौथ्या दिवशी बर्फ पडला, आणि वारा उत्तरेचा झाला. दुपारी चारच्या सुमारास दलदलीच्या वाटेवरून तीन माद्या एकामागे एक वर आल्या. शेवटची मोठी होती, मागे पाडस नव्हतं. साठ यार्ड. ती पंधरा पावलं गेली आणि पडली. भागीदार आला, त्याने टोपी काढली, मग आम्ही दोघांनी मिळून ओढून आणली. त्याला शेवटच्या शनिवारी एक नर मिळाला, वडिलांच्या जुन्या जागेवर, मक्याशिवाय.

दोन्ही डोकी तपासणीच्या पेटीत दिली. माझ्या मादीचा अहवाल बाराव्या दिवशी आला: रोग आढळला नाही. त्याच्या नराचा अजून यायचाय, मांस वेगळं बांधून ठेवलंय.

ताई, पिंजऱ्याचा आकडा: सप्टेंबरच्या शेवटी आत क्लोव्हर नऊ इंच, बाहेर दोन. म्हणजे बारा गुंठ्यांवर तोंडं फार आहेत. पुढच्या वर्षी मादीचा आणखी एक टॅग (एक हरिण मारायचा परवाना) काढायचा, आणि वावर वाढवण्याआधी जंगलाकडे बघायचं, असं आमचं दोघांचं ठरलंय.

ॲस्पन तोडणाऱ्याला जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याचं बोलून ठेवलंय, साडेतीन एकर. जमीन तोवर चांगली गोठलेली असेल. ओकवेडा, दलदलीच्या वरच्या अंगाला पाच ओक आहेत, त्यातले पांढरे कोणते आणि कोणत्या मेपलवर खूण करायची हे मला अजून कळत नाही. एखाद्या शनिवारी याल का? खिचडी आणि हरणाचा खिमा आमच्याकडून.

ओकवेडा

येतो. पानं नसली तरी सालीवरून सांगता येतं. निळा रंग आणि दोरी तेवढी आणून ठेवा.